अभावाचा भार

'नाही' हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो; परंतु या शब्दाने आपण नेमके कशाचे वर्णन करतो, हा प्रश्न फारच थोड्यांस पडत असेल. घरात ज्वारी नाही, विहिरीला पाणी नाही, मुलाचे पत्र आले नाही, ही सर्व वाक्ये खरी असू शकतात; आणि वाक्य खरे असेल, तर जगात त्याच्याशी जुळणारे काहीतरी असले पाहिजे. मग 'विहिरीला पाणी नाही' हे वाक्य ज्याच्याशी जुळते, ते काय आहे? ते विहिरीत असलेले एखादे निराळे तत्त्व आहे, की ती केवळ कोरडी विहीर आहे?

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न मोठ्या गांभीर्याने घेतला होता. वैशेषिकांच्या जुन्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहाच पदार्थ गणले जात. पुढील आचार्यांनी त्यांत 'अभाव' या सातव्या पदार्थाची भर घातली, आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यास प्रारंभीच ही सात नावे भेटतात. प्राभाकर मीमांसकांस ही भर मान्य नव्हती. जमिनीवर घट नाही असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे मोकळ्या जमिनीखेरीज दुसरे काहीही नसते, असे त्यांचे म्हणणे. उलट कुमारिलाच्या अनुयायांनी अभाव तर मानलाच, पण त्याच्या ज्ञानासाठी 'अनुपलब्धि' नावाचे स्वतंत्र प्रमाणही मानले. इंग्रजी शिकलेल्या आम्हां पदवीधरांस हा सारा वाद बहुधा शब्दांचा कीस वाटत आलेला आहे. जे नाहीच, त्याविषयी शेकडो वर्षे भांडावे, ही गोष्ट व्यवहारी मनुष्यास हास्यास्पद वाटली तर नवल नाही.

आमच्या मते हा वाद आज अगदी निराळ्या दाराने परत आलेला आहे. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या एका नव्या जातीच्या घटांवर जगभर जे संशोधन चालले आहे, त्यातील एक मोठी अडचण अभावास वाट कशी द्यावी ही आहे. ही अडचण रसायनशास्त्रज्ञांची आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यासारख्या मुलखास अतिशय जवळचा आहे. म्हणून आधी ती अडचण समजून घेऊ आणि मग त्या प्रश्नाकडे वळू.

अर्धसंवाहक द्रव्यांच्या शास्त्रात 'होल' नावाची एक वस्तू मानतात. तिला आपण पोकळी म्हणू. कीर्तनाचा मंडप गच्च भरलेला आहे, मुंगीस शिरावयास जागा नाही, अशा वेळी अगदी पुढच्या रांगेतील एक गृहस्थ उठून जातात. त्यांच्या जागी मागचा मनुष्य सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि असे होता होता रिकामी जागा मंडपाच्या शेवटापर्यंत जाऊन पोहोचते. माणसे एकेक हात पुढे सरकली, जागा मात्र सबंध मंडप ओलांडून मागे गेली. द्रव्याच्या आत इलेक्ट्रॉनांची अशीच दाटी असते. प्रकाशाने त्यांतील एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उचलला, की त्याच्या मूळ स्थानी पोकळी उरते, आणि शेजारचे इलेक्ट्रॉन तीत सरकू लागले की ती पोकळी उलट दिशेने चालू लागते. इलेक्ट्रॉनाचा विद्युत्भार ऋण. तेव्हा जेथून तो गेला तेथे तितकाच धन भार उघडा पडतो. या हिशेबाने पोकळीला भार आहे, वेग आहे, इतकेच नव्हे तर शास्त्रज्ञ तिला वस्तुमानही देतात.

ही नुसती कल्पनेची करामत नव्हे. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली असे दाखवले होते की, वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्यास आडवे चुंबकक्षेत्र लावले असता पत्र्याच्या दोन कडांमध्ये विद्युद्दाब उत्पन्न होतो, आणि त्याच्या दिशेवरून वाहकांचा भार धन की ऋण हे ओळखता येते. पुढे काही धातूंत ही दिशा उलटी निघाली. जणू तेथे वीज वाहणारे कण धनभारित होते. वास्तविक धातूत हिंडणारे असे धन कण कोणास ठाऊक नव्हते. या कोड्याचा उलगडा रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ साली केला, आणि १९३१ साली हायझेनबर्ग यांनी जवळजवळ भरलेल्या पट्ट्यातील उणिवेस धनभारित कणाप्रमाणे वागवता येते हे दाखवून दिले. जे नाही, त्याची खूण मापनयंत्राच्या काट्यावर उमटली, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे प्राभाकर पक्षाचा अभिमानी उठून म्हणेल, 'तुमची पोकळी म्हणजे शेवटी उरलेले इलेक्ट्रॉनच. निराळे काही नाही.' हा आक्षेप चुकीचा नाही. सर्व इलेक्ट्रॉनांची हालचाल लिहून काढली, तर पोकळीचे नाव न घेताही तेच उत्तर मिळेल. परंतु एका उणिवेचे वर्णन करण्यासाठी उपस्थित असलेल्या अब्जावधींची मोजदाद करावी लागेल, आणि इतके करूनही जे घडले त्याचा अर्थ त्या मोजदादीत कोठेच दिसणार नाही. जो गेला त्याचे नाव घेतल्याखेरीज काही घटना समजतच नाहीत. अभाव मानणाऱ्यांच्या बाजूने याहून अधिक काही सांगण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

आता त्या नव्या घटाकडे येऊ. १८३९ साली गुस्ताव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचे वर्णन केले आणि पेरोव्स्की नामक रशियन गृहस्थावरून त्यास पेरॉव्हस्काइट हे नाव दिले. त्याच्या अणूंची जी मांडणी, त्याच मांडणीच्या अनेक द्रव्यांस आज हे कुलनाम लावतात. सौरघटांत वापरली जाणारी पेरॉव्हस्काइटे बहुधा शिसे, आयोडीन आणि एखादा लहान सेंद्रिय आयन यांची बनलेली असतात. योकोहामाच्या टोइन विद्यापीठातील त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली असा घट प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी केवळ ३.८ टक्के शक्तीची वीज होत होती. सिलिकॉनच्या घटावर पेरॉव्हस्काइटाचा थर चढवलेल्या जोडघटाने २०२४ साली ३४.६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. पंधरा वर्षांत इतकी झेप सौरविद्येच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही द्रव्याने घेतल्याचे दिसत नाही. शिवाय सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनांच्या आसपास जाड असते, तर पेरॉव्हस्काइटाचा थर अर्धा मायक्रॉन असला तरी पुरतो, आणि तो भट्टीच्या प्रचंड उष्णतेवाचून, द्रावणातून सारवल्यासारखा पसरता येतो.

परंतु प्रकाशाने इलेक्ट्रॉन उचलला एवढ्याने वीज मिळत नाही. उचललेला इलेक्ट्रॉन एका बाजूने आणि मागे उरलेली पोकळी दुसऱ्या बाजूने बाहेर काढावी लागते. म्हणून पेरॉव्हस्काइटाच्या एका अंगास इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या द्रव्याचा थर असतो आणि दुसऱ्या अंगास पोकळी वाहून नेणाऱ्या द्रव्याचा. हे दुसरे द्रव्य स्वतः वीज निर्माण करीत नाही. इलेक्ट्रॉनास अडवणे आणि पोकळीस पुढे जाऊ देणे एवढेच त्याचे काम. पाणी उताराने खाली जाते आणि बुडबुडा वर चढतो. तसा इलेक्ट्रॉनास उतार लागतो, तर पोकळीस चढ. तो चढ अगदी बेताचा असावा लागतो. अधिक असला तर शक्ती वाया जाते. उलटा असला तर पोकळी अडून बसते.

अडून बसलेली पोकळी काय करते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट अशी की, इलेक्ट्रॉन परत येऊन तीत पडतो आणि सूर्याने दिलेली शक्ती उष्णता होऊन फुकट जाते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. साठलेल्या पोकळ्या द्रव्यातील आयोडाइडाचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतात. त्याचे आयोडीन होते, ते जागा सोडते आणि स्फटिकाची घडण ढासळू लागते. अभावास बाहेरची वाट मिळाली नाही, तर तो ज्याच्या आश्रयाने राहतो त्याचाच नाश करतो, असे येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

या विद्येच्या अल्प इतिहासातही पोकळीवाहकाने निर्णायक काम केले आहे. मियासाकांच्या पहिल्या घटात हे काम एका द्रवाकडे होते, आणि त्या द्रवात पेरॉव्हस्काइट स्वतःच विरघळून जाई. २०१२ साली कोरियातील नाम-ग्यु पार्क आणि स्वित्झर्लंडमधील मायकेल ग्रेत्सेल यांच्या गटांनी द्रवाच्या जागी स्पायरो-ओमेटॅड नावाचे घन सेंद्रिय द्रव्य घातले आणि कार्यक्षमता ९.७ टक्के झाली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटाने तेच द्रव्य वापरून १०.९ टक्के गाठले. जगाचे लक्ष या घटांकडे वेधले गेले ते तेव्हापासून.

स्पायरो-ओमेटॅडची कथा नीतिकथेसारखी आहे. हे द्रव्य शुद्ध स्थितीत पोकळ्या फार मंदपणे वाहते. म्हणून त्यात लिथियमचे एक लवण मिसळतात. त्याने वाहकता वाढते, टक्केवारी चढते, शोधनिबंध छापून येतो. परंतु हेच लवण हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल हा पेरॉव्हस्काइटाचा काळ आहे. ज्याने गुण वाढवला त्यानेच आयुष्य तोडले. पुढे ग्रेत्सेल यांच्याच गटाने २०१७ साली कॉपर थायोसायनेट हे स्वस्त, असेंद्रिय पोकळीवाहक वापरून २० टक्क्यांवर कार्यक्षमता मिळवली, आणि त्यावर ग्रॅफीन ऑक्साइडाचा पातळ थर दिलेला घट ६० अंश उष्णतेत, सतत प्रकाशात १००० तास ठेवूनही ९५ टक्क्यांहून अधिक शाबूत राहिला. लिथुएनियातील काउनस येथे व्हिताउतास गेताउतिस यांच्या प्रयोगशाळेत केवळ एका रेणूच्या जाडीचे पोकळीवाहक थर तयार झाले आणि २०२० साली बर्लिनमधील जोडघटांनी त्यांच्या साहाय्याने २९ टक्क्यांची सीमा ओलांडली. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त २०१० पासून सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि तेथे प्रा. दिनेश काबरा यांच्या गटाने सिलिकॉन व पेरॉव्हस्काइट यांच्या जोडघटांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली आहे. हे काम अभिमानास्पद आहे यात शंका नाही.

तथापि येथेच आमचा प्रश्न उभा राहतो. १००० तास म्हणजे साधारण बेचाळीस दिवस. छपरावर किंवा शेतात बसवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांकडून आपण पंचवीस वर्षांची अपेक्षा करतो. कार्यक्षमतेचा आकडा एका दुपारी मोजता येतो. टिकाऊपणाचा आकडा मोजावयास आयुष्य जाते. त्यामुळे पहिल्याची स्पर्धा लागते, दुसऱ्याची वाट पाहावी लागते. मिळाले किती, हे जग विचारते; गमावले काय, हे विचारावयास कोणी थांबत नाही. यशाचे मोजमाप केवळ जे मिळाले त्यावर करावे, की जे गमावले, जे राहून गेले, जे सोबत यावयास हवे होते आणि आले नाही, त्याचाही भार यशात धरावा? हा प्रश्न रसायनाच्या कक्षेत मावत नाही. तो धर्माधर्माचा प्रश्न आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न विचारावयाचे कारण सांगतो. हा काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि बहुतांशी आकाशाकडे डोळे लावलेल्या कोरडवाहू शेतीचा मुलूख आहे. जिल्ह्याच्या पूर्वेस वणीच्या परिसरात भूगर्भातून कोळसा काढला जातो. आणि तरीही ओलिताच्या शेतीस दिवसा वीज मिळावी, म्हणून २०१७ साली राज्यास मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढावी लागली. तोवर शेतकऱ्यास पाळीपाळीने रात्री मोटर लावावयास जावे लागे. अंधार, साप आणि रानडुकरे यांच्या संगतीत पिकास पाणी द्यावे लागे. पुढे २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किंमतीचा दहावा हिस्सा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा हिस्सा भरावयाचा, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी, अशी व्यवस्था झाली. आज या पंपांना सिलिकॉनच्या पट्ट्या आहेत. उद्या त्यांच्या जागी स्वस्त आणि हलक्या पेरॉव्हस्काइटाच्या पट्ट्या येतील, अशी आशा संशोधक बाळगून आहेत, आणि आम्हीही बाळगतो. वीज नसल्याने काय होते, हे या जिल्ह्यास शिकवावे लागत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवन संपवले. थकलेल्या बिलापायी त्याच्या शेताची वीज तोडली गेली होती, असे त्या घटनेविषयी सांगितले जाते. गेली काही वर्षे महाराष्ट्रात अनेक लोक त्या तारखेस एक दिवस अन्नत्याग करतात. गेलेल्यांच्या अभावाची नोंद स्वतःच्या पोटातील अभावाने करावयाची, ही स्मरणाची रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

वीज नसण्याचा अनुभव जसा या जिल्ह्यास आहे, तसा नव्या रसायनाचाही आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. चौकश्या झाल्या, कारणे पुढे आली. पीक त्या वर्षी माणसाच्या उंचीस गेले होते, औषधे एकात एक मिसळली गेली, फवारणारांजवळ हातमोजे व मुखाच्छादने नव्हती, बाटलीवरील सूचना वाचता येत नव्हत्या. ही यादी नीट पाहिली तर ध्यानात येते की, तिच्यातील बरीचशी कारणे 'नव्हते' या क्रियापदाने संपतात. औषधाचा गुण प्रयोगशाळेत सिद्ध झालेला होता. कीड त्याने मरत होती. हातमोजा नसणे हे मात्र कोणाच्याच वहीत लिहिलेले नव्हते, आणि म्हणून त्याचा जबाबदारही कोणी नव्हता.

ज्या गोष्टीचे अस्तित्वच नाही, ती मरणाचे कारण कशी होईल, असे कोणी विचारील. नैयायिकांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. अग्नीने लाकूड जळते. परंतु दाहास अडवणारा विशिष्ट मणी जवळ असला तर जळत नाही, असा दृष्टान्त घेऊन त्यांनी असे ठरवले की, अग्नीबरोबर मण्याचा अभाव हाही दाहाचे एक कारण मानला पाहिजे. प्रतिबंधक नसणे हे कारणसामग्रीचा भाग आहे. ज्यास हा मणी पौराणिक वाटेल, त्याने मण्याच्या जागी हातमोजा ठेवून पाहावा. कायद्यानेही हे मानलेले आहे. १८६० च्या दंडसंहितेत 'कृत्य' या शब्दात बेकायदेशीर अकृतीचा समावेश होता, आणि २०२४ साली तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेनेही तो ठेवला आहे. अर्थात कायद्याची अकृती तेवढ्यापुरतीच. जेथे करण्याचे बंधन लिहून ठेवलेले असते तेथेच तो दोष धरतो. नीतीची कक्षा याहून मोठी असली पाहिजे.

आता पेरॉव्हस्काइटाकडे परत येऊ. अर्धा मायक्रॉन जाडीच्या थरात एका चौरस मीटरमागे शिसे एक ग्रॅमहूनही कमी असते. हा आकडा भयंकर नाही, आणि त्यावरून ओरड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु पट्टी फुटली आणि पाऊस आत शिरला, तर हे शिसे थोडेफार पाण्यात विरघळणाऱ्या रूपात येते, हेही तितकेच खरे आहे. ती पट्टी संशोधन केंद्राच्या गच्चीवर फुटली, तर दुसऱ्या दिवशी उचलली जाईल. ती झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम कुटुंबाच्या शेतात, विहिरीच्या काठी फुटली, तर कोण उचलील? हमीची पाच वर्षे संपून सहाव्या वर्षी वीज कमी पडू लागली, तर ते नुकसान कोणाच्या खात्यावर पडेल? पोकळी उत्पन्न होणार हे निश्चित. ती वाहून नेणारा थर कोणता, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, द्रव्य शोधणे हे शास्त्रज्ञाचे काम. त्याचा वापर, वितरण, विल्हेवाट ही सरकारची व उद्योजकाची कामे. प्रत्येकाने सर्वांची चिंता वाहावयाची म्हटली, तर कोणतेच काम पुरे होणार नाही. श्रमविभागाचे हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु विभाग करताना जो तुकडा कोणाच्याच वाट्यास गेला नाही, त्याचे काय, हा प्रश्न त्या तत्त्वाने सुटत नाही. २०१७ मध्ये आपापल्या वाट्याचे काम केले असे म्हणणारे पुष्कळ होते. हातमोजा मात्र कोणाच्याच वाट्यास आला नव्हता. द्रव्यातील उणीव प्रथम कोणास दिसते? ज्याने ते द्रव्य घडवले त्यास. लिथियमचे लवण ओल ओढते, हे प्रयोगशाळेतील मनुष्यास सर्वांआधी कळते. जाणणाऱ्यावर सांगण्याचे बंधन असते. आणि कार्यक्षमतेचा आकडा मथळ्यात व टिकाऊपणाचा आकडा तळटीपेत घातल्याने ते बंधन पुरे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संपूर्ण निर्दोष वस्तू हाती येईपर्यंत थांबावयाचे, तर गरिबाने किती काळ थांबावे? वणीच्या कोळशाचा धूर आणि धूळ यांचाही हिशेब कोणी ठेवलेला नाही. विलंब हासुद्धा एक अभावच आहे, आणि त्याचीही किंमत रात्री ओलिताला जाणारा शेतकरीच देत असतो. या आक्षेपास आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. इतकेच म्हणता येईल की, थांबावे की पुढे जावे हा खरा वाद नव्हे. पुढे जाताना धोक्याचा भार कोणी उचलावा, हा वाद आहे. नव्या वस्तूची पहिली काही वर्षे ही प्रयोगाचीच वर्षे असतात. तो प्रयोग ज्यास नुकसान सोसण्याचे सामर्थ्य आहे त्याच्या छपरावर व्हावा. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, कारखाने यांची छपरे काही कमी नाहीत. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो आणि त्यापाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. औद्योगिक कसोटीत पट्ट्यांस ८५ अंश उष्णतेत व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात, त्याहून ही कसोटी निराळी आणि लांब आहे. ती येथेच व्हावी, पण पाच एकरांच्या धन्याच्या जिवावर होऊ नये. आणि तुटलेली पट्टी परत घेण्याचा खर्च विक्रीच्या दिवशीच किंमतीत धरला जावा. गावाने तो नंतर शोधीत बसू नये.

दृष्टान्त हा प्रमाण नव्हे, हे आम्ही जाणतो. अणूंच्या जगात जे घडते त्यावरून समाजाचे नियम काढणे धोक्याचे आहे. इलेक्ट्रॉनास दुःख नाही आणि पोकळीस अश्रू नाहीत. तथापि दृष्टान्ताचा एक उपयोग असतो. ज्या गोष्टीकडे पाहण्याची सवय नाही, तिच्याकडे तो मान वळवतो. अभावाविषयी नैयायिकांचा एक कटाक्ष होता. नुसते 'नाही' म्हणून चालत नाही. कशाचा अभाव आणि कोठे, ही दोन्ही सांगावी लागतात. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जेथे अभाव ते अधिकरण. दोन्हींची नावे घेतल्याखेरीज अभावाचे ज्ञान होत नाही. 'काही त्रुटी राहिल्या असतील' असे जे सरकारी किंवा शास्त्रीय अहवाल म्हणतात, ते या कसोटीस उतरत नाहीत. कोणती त्रुटी, कोणत्या गावात, कोणाच्या हातावर, हे त्यांनी सांगितले पाहिजे.

पोकळीवाहक द्रव्यांवर काम करणारे तरुण संशोधक आज महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही आहेत. त्यांचे काम फारसे प्रसिद्धीचे नाही. प्रकाश शोषणाऱ्या थराचे कौतुक होते, वीज देणाऱ्या तारेचे कौतुक होते. मधल्या थराने गेलेल्याची जागा मुकाट्याने वाहून नेली, याची नोंद थोडेच घेतात. परंतु त्या थरावाचून घट चालत नाही, आणि तो थर नासका निघाला तर घट टिकत नाही. समाजातही असे वाहक लागतात: उणीव दिसताच तिचे नाव घेणारे, ती नोंदवहीत लिहिणारे आणि जेथे तिची भरपाई होऊ शकेल तेथपर्यंत ती पोहोचवणारे. तलाठी, परिचारिका, शाळामास्तर, वार्ताहर, प्रयोगशाळेतील कनिष्ठ साहाय्यक यांच्याकडे हे काम येते, आणि पुष्कळदा त्यांनी लिहिलेली ओळ वरच्या कागदावरून गळून पडते.

अभाव हा पदार्थ आहे की नाही, याचा निर्णय शास्त्रार्थसभेत होईल तेव्हा होवो. त्याला भार आहे, इतके मात्र आज मोजून झालेले आहे. आपण तो वाहून नेला नाही तर तो नाहीसा होत नाही. ज्याच्याजवळ तो बाहेर टाकण्यास जागा नसते, त्याच्याच घरात तो साठत राहतो.